जुनी जर्मन लष्करी तलवार पारखायची कशी?

तलवार हातात आली की नवखा माणूस आधी पातं उपसतो आणि ते किती लखलखतंय ते बघतो. जुन्या जर्मन लष्करी तलवारींच्या व्यवहारात ही लकाकी सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट आहे, आणि बऱ्याचदा ती विक्रेत्याच्या बफिंग मशीनची करामत असते. किंमत ठरते ती वेगळ्याच प्रश्नांवर. तलवार नेमकी कोणती? तिचे सगळे भाग मुळापासून एकमेकांचेच आहेत का? आणि मधल्या शंभर-सव्वाशे वर्षांत कोणी तिला 'सुधारायला' गेलंय का? गंज, पोचे, झिजलेला मुलामा वगैरे त्यानंतर.

हे लिहिलंय ते मुख्यतः जर्मनीत, ब्रिटनमध्ये, अमेरिकेत राहणाऱ्या आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या बाजारांत, लिलावांत रमणाऱ्या मंडळींसाठी. भारतात बसून ऑनलाइन मागवायचा बेत असेल तर शेवटचा, कायद्याचा भाग आधी वाचा. पैसे वाचतील.

बरोबर फार काही लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटा लोहचुंबक, मोजपट्टी, टॉर्च आणि सुती हातमोजे. हातमोजे शोभेसाठी नाहीत. घामाचं बोट पॉलिश केलेल्या पोलादावर लागलं की काही दिवसांत तिथे तांबूस ठसा उमटतो, आणि विक्रेत्याला हे पक्कं माहीत असतं. पातं उपसण्याआधी विचारा. न विचारता उपसणाऱ्याशी कोणी धड भावाचं बोलत नाही.

पहिली पायरी: ही आहे कोणती?

'जर्मन सैन्य' म्हणजे एकच सैन्य हा पहिला गैरसमज. १८७१ मध्ये साम्राज्य उभं राहिलं, तरी प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी आणि वुर्टेम्बर्ग या राज्यांची युद्धमंत्रालयं पहिलं महायुद्ध संपेपर्यंत वेगवेगळी होती. म्हणून एकाच नमुन्याच्या तलवारीवर कधी प्रशियाचा गरुड दिसतो, कधी बव्हेरियाचा सिंह, कधी सॅक्सनी किंवा वुर्टेम्बर्गचं राजचिन्ह. प्रशियाचं सैन्य सगळ्यांत मोठं, त्यामुळे त्याच्या तलवारी बाजारात सर्वाधिक. तशीच, त्याच अवस्थेतली वुर्टेम्बर्गची तलवार जास्त भाव खाते, कारण मुळात बनल्याच कमी.

दुसरा भेद त्याहून कामाचा आहे: सरकारी की खाजगी. शिपायाची तलवार सरकार द्यायचं. ती दणकट, साधी आणि ठशांनी भरलेली असते. अधिकारी आपली तलवार स्वतःच्या खिशातून घ्यायचा. तिच्यावर सोनेरी मुलामा, कोरीवकाम, कधी रेजिमेंटचं नाव, पण सरकारी ठसे बहुधा नाहीत. या दोन्ही जातींना एकच फूटपट्टी लावली की सगळा हिशेब चुकतो.

नेहमी हाताशी येणारे प्रकार थोडेच आहेत. सगळ्यांत देखणी, माझ्या मते, १८११ च्या नमुन्याची प्रशियन घोडदळाची सेबर, म्हणजे बाकदार तलवार. फील्ड मार्शल ब्ल्यूशरच्या नावाने ती ओळखली जाते. रुंद, बाकदार पातं, हाताभोवती वळलेली एकच लोखंडी पट्टी आणि जड लोखंडी म्यान. ब्रिटिशांच्या १७९६ च्या हलक्या घोडदळी तलवारीवरून ती उचललेली आहे, इतकी की लांबून दोन्हींत गफलत होते. घोडदळाने बाजूला ठेवल्यावरही ती तोफखान्यात आणि सामानवाहू दलात पुढे कित्येक दशकं वापरली गेली. त्यामुळे एकाच पात्यावर दोन-दोन, तीन-तीन तुकड्यांचे ठसे, जुने खोडून नवे मारलेले, असं सापडतं. ते खोडलेले ठसे दोष नव्हेत.

त्यानंतर १८८९ ची घोडदळी तलवार. पातं सरळ, परज (हाताचं रक्षण करणारा मुठीचा भाग) पोलादाची, तिच्यात राजचिन्ह कोरून काढलेलं, आणि परजेची एक बाजू मिटणारी. याच सुमारास जर्मन घोडदळातल्या सगळ्याच शिपायांना भाला दिला गेला, त्यामुळे तलवार दुय्यम झाली आणि हुस्सार, ड्रॅगून, उलान अशा घोडदळाच्या सगळ्या प्रकारांच्या कमरेला एकच नमुना आला. नवख्याने सुरुवात करावी ती इथून.

त्याच वर्षाची पायदळ अधिकाऱ्याची तलवार वेगळी. मूठ पितळी, परजेवर गरुड, मुठीवर काळं मासळीचं कातडं आणि तारेचे वेढे, त्यावर सम्राट विल्हेल्म दुसरा याचं मुद्राक्षर (नावाच्या अक्षरांचं चिन्ह). ही खूप बनली, खूप टिकली. घोडदळ आणि तोफखान्याचे अधिकारी मुठीच्या माथ्यावर सिंहाचं डोकं असलेली सेबर मिरवत. तोफखान्याच्या सेबरवर एकमेकांवर ठेवलेल्या दोन तोफा असतात. नौदल अधिकाऱ्याची तलवार ओळखायला सर्वांत सोपी: पांढरी मूठ, परजेवर नांगर आणि सिंहाच्या एका डोळ्यात लाल, दुसऱ्यात हिरवा खडा. जहाजाच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या दिव्यांचे तेच रंग.

१९३३ नंतरच्या, म्हणजे नाझी काळातल्या तलवारींबद्दल पुढे बोलतो. त्यांचं गणितच निराळं आहे.

आणि एक ताकीद. पात्यावर 'सोलिंगेन' आहे म्हणजे तलवार जर्मन सैन्याची, असं मुळीच नाही. वुपर नदीकाठच्या या गावाने अर्ध्या जगाला पाती पुरवली. अमेरिकी यादवी युद्धात (१८६१–६५) सोलिंगेनच्या तलवारी अटलांटिक ओलांडून गेल्या, चिली आणि अर्जेंटिनाच्या सैन्यांनी मोठ्या ऑर्डरी दिल्या, ब्रिटिशांनीही घेतल्या. आपल्याकडच्या मराठाकालीन फिरंग तलवारींतली पाती युरोपातून यायची आणि त्यांतली काही जर्मन होती. पात्यावर धावत्या लांडग्याची खूण दिसली की ती बव्हेरियातल्या पासाऊची की सोलिंगेनची यावर जाणकार आजही वाद घालतात, कारण सोलिंगेनच्या कारागिरांनी ती पासाऊवाल्यांकडून उचलली होती, आणि तिची नक्कल इतर ठिकाणीही झाली. तर गावाचं नाव वाचून हुरळू नका. परजेवर कोणाचं राजचिन्ह आहे ते बघा.

पात्यावर इंग्रजीत 'मेड इन जर्मनी' असेल तर ती तलवार निर्यातीची. ब्रिटनने १८८७ च्या कायद्याने परदेशी मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं, अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्याने. जर्मन शिपायाला द्यायच्या तलवारीवर इंग्रजीत लिहायचं कोणाला काय कारण?

दुसरी पायरी: ठसे वाचा

खरी मजा इथे आहे, आणि घाई करायची नाही ती इथेच.

तलवार आडवी धरा, धार तुमच्यापासून लांब. पात्याची पाठ, म्हणजे जाड बाजू, परजेला जिथे भिडते तिथून बोट-दोन बोटांच्या अंतरात टॉर्चचा उजेड तिरपा टाका. सरळ उजेडात जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे तिरप्या उजेडात छोटा मुकुट, त्याखाली रोमन 'डब्ल्यू' आणि त्याखाली दोन आकडे उमटतात. मुकुट आणि 'डब्ल्यू' म्हणजे प्रशियाच्या राजा विल्हेल्मच्या राज्यात सरकारी सेवेत घेतलेली तलवार, आकडे म्हणजे वर्ष: ८७ असेल तर १८८७, ०४ असेल तर १९०४. १८६१ च्या आधीच्या प्रशियन तलवारींवर फ्रीडरिश विल्हेल्मची दोन अक्षरं येतात. आसपास बारीक, जुन्या वळणाची एक-दोन अक्षरंही असतात, ती तपासनीसांची. पात्याच्या सपाट बाजूवर, परजेजवळच, बनवणाऱ्याचं नाव किंवा खूण असते.

आता तुकडीचा ठसा. तो परजेवर आणि म्यानाच्या तोंडाजवळ शोधा. समजा तिथे रोमन अक्षरांत १६. यू. ३. ५४. असं आहे. अर्थ: १६ वी उलान रेजिमेंट, तिसरा स्क्वॉड्रन (रेजिमेंटचा एक भाग), शस्त्र क्रमांक ५४. 'यू' म्हणजे उलान, 'डी' म्हणजे ड्रॅगून, 'एच' म्हणजे हुस्सार, 'के' म्हणजे क्युरासिअर (चिलखती घोडदळ), 'टी' म्हणजे सामानवाहू दल. त्यात 'जी' असेल तर गार्ड, राजाच्या खास पथकातला. अशा तलवारीचा भाव लगेच चढतो.

हाच ठसा विक्रेत्याच्या कहाणीवरचा सर्वोत्तम लगाम आहे. १६ व्या उलान रेजिमेंटचं ठाणं उत्तर जर्मनीत झाल्झवेडेलला होतं. १६ ऑगस्ट १८७० ला, फ्रान्स-प्रशिया युद्धातल्या मार्स-ला-तूरच्या लढाईत जनरल फॉन ब्रेडोच्या ब्रिगेडने फ्रेंच तोफखान्यावर घातलेली ती प्रसिद्ध धाड, जिला जर्मन लोक 'टोडेसरिट', मृत्यूची दौड म्हणतात, तिच्यात ही रेजिमेंट आणि ७ वी क्युरासिअर रेजिमेंट होती. आता १६. यू. असलेली तलवार पुढे करून कोणी तुम्हाला या दौडीची गोष्ट रंगवून सांगेल आणि किंमत दुप्पट करेल. पात्याच्या पाठीवर ९१ असेल तर ती तलवार लढाईनंतर २१ वर्षांनी तयार झालेली आहे. गोष्ट शांतपणे ऐकून घ्या, पाठीवरचा आकडा दाखवा, आणि मग भावाचं बोला.

ठसे एकसारख्या झिजेचे असावेत. बाजूचं पोलाद गंजून खडबडीत झालंय आणि मधोमध ठसा मात्र कालच मारल्यासारखा टोकदार, असं कधी होत नाही. जुन्या ठशाच्या कडा गुळगुळीत होतात आणि गंज ठशाच्या आतही उतरलेला असतो. भिंग लावून बघा. ठसा गंजाच्या खड्ड्यावर मारलाय की गंज ठशावर चढलाय, हे स्पष्ट कळतं.

बनवणाऱ्यांच्या खुणांपैकी काही लक्षात ठेवाव्यात अशा. गेब्रुडर वायर्सबर्गची खूण राजाचं डोकं, किर्शबाउमची शिरस्त्राण घातलेल्या सरदाराचं. १८८३ मध्ये दोघे एकत्र येऊन वायर्सबर्ग, किर्शबाउम आणि कंपनी, म्हणजे डब्ल्यूकेसी झाली आणि दोन्ही डोकी शेजारी-शेजारी आली. म्हणजे जोडडोक्याची खूण असलेलं पातं १८८३ च्या आधीचं असूच शकत नाही, मग विक्रेता काहीही म्हणो. कार्ल आइकहॉर्नची खार आणि अलेक्झांडर कोपेलचा तराजू याही खुणा वारंवार दिसतात. खूण अर्धवट उमटलेली असेल तर घाबरू नका, हाताने मारलेला ठसा तिरपा बसायचाच.

तिसरी पायरी: सगळं एकाच घरचं आहे का?

परजेवर १६. यू. ३. ५४. आणि म्यानावर ११. एच. २. ८. असेल, तर दोन तलवारींचा संसार एकत्र मांडलेला आहे. खोटं काही नाही, पण जुळत्या जोडीपेक्षा किंमत बरीच खाली यायला हवी. आकडे जुळत असतील तर तो या तलवारीचा सगळ्यांत मोठा गुण, पात्यावर तांबूस गंज असला तरी.

अधिकाऱ्याच्या तलवारीला आकडे नाहीत, तिथे डोळ्यांवर भिस्त. म्यान हळू घाला. शेवटच्या दोन-तीन इंचांत किंचित आवळत जाऊन परज म्यानाच्या तोंडावर नीट बसली पाहिजे. पातं अर्ध्यातच अडतंय, किंवा खुळखुळतंय, किंवा वाक म्यानाच्या वाकाशी जुळत नाही, तर म्यान दुसरीकडचं. अनेक तलवारींत पात्याच्या मुळाशी, परजेला टेकून, चामड्याची किंवा बनातीची छोटी चकती असते. ती जुनी, दबलेली, काळवंडलेली असेल तर छान. नसेल तर हरकत नाही. करकरीत नवी असेल तर तलवार अलीकडे कोणीतरी उघडली आहे.

उघडली असल्याचा पक्का पुरावा मुठीच्या माथ्यावर मिळतो. पात्याची शेपटी मुठीतून आरपार वर येते आणि तिचं टोक हातोडीने ठोकून पसरवलेलं असतं. हे ठोकलेलं टोक माथ्याच्या धातूत मिसळून गेल्यासारखं, त्याच रंगाचं दिसायला हवं. तिथे ताज्या हातोडीच्या खुणा, कानसचे ओरखडे, वेल्डिंगचा फुगवटा किंवा आधुनिक नट दिसला तर विचारा की ही का खोलली होती. गंजाचा रंग पात्यावर एक आणि परजेवर दुसराच, तरी हाच प्रश्न.

चौथी पायरी: स्थिती

पात्यापासून सुरुवात. गंजाचे दोन प्रकार डोक्यात पक्के ठेवा. वरवरचा तांबूस-करडा थर हा वयाचा रंग. जाणकार तो तसाच ठेवतात. काळे खोल खड्डे म्हणजे पोलाद खाल्लं गेलंय, ते कुठल्याही उपायाने भरून येत नाही. खड्डे ठशांवर किंवा कोरीवकामावर असतील तर नुकसान मोठं. टोकाकडे चार-दोन असतील तर चालवून घ्या.

पातं डोळ्याजवळ धरून टोकाकडे नजर टाका, बंदुकीचा नेम धरतात तसं. वाक आहे का, पीळ आहे का ते लगेच दिसतं. टोक मोडून पुन्हा घासून काढलेलं पातं नमुन्यापेक्षा आखूड भरतं आणि त्याची पन्हळ (पात्यावरची लांब खोबण) टोकाच्या जरा जास्तच जवळ जाऊन संपते. मोजपट्टी त्यासाठीच आणलीय.

धार लावलेली असेल तर? शिपायाच्या तलवारीला १९१४ च्या युद्धाच्या तयारीत धार लावली गेली. तशी जुनी, एकसारखी, आखीव धार हा इतिहासाचाच भाग आहे. घरगुती ग्राइंडरवर लावलेली, कुठे खोल कुठे उथळ, चमकत्या रेघांची धार म्हणजे निखळ नुकसान.

अधिकाऱ्याच्या पात्यावर आम्लाने केलेलं कोरीवकाम असतं: पाठीमागची जमीन दुधी-करडी, वरची अक्षरं आणि वेलबुट्टी चकचकीत, किंवा उलट. हा दुधी रंग पॉलिश पेपरच्या दोन हातांत उडून जातो आणि परत आणता येत नाही. कोरीवकाम पुसट आणि पातं मात्र आरशासारखं, अशी तलवार दिसली की समजा, कोणीतरी प्रेमाने वाट लावलीय. रेजिमेंटचं पूर्ण नाव, भेट दिल्याचा मजकूर, अधिकाऱ्याचं नाव आणि तारीख यांनी किंमत चांगलीच वाढते. 'आइझेनहाउअर' हा शब्द पात्यावर दिसला तर तो कोणाचं नाव नव्हे. लोखंड तोडील असं पोलाद, अशी ती जाहिरात. खऱ्या दमास्कसची, म्हणजे थर जोडून घडवलेल्या, अंगचीच नक्षी असलेल्या पोलादाची पाती वेगळीच, फार महाग. बाजारातली बहुतेक 'दमास्कस' पाती म्हणजे साध्या पोलादावर आम्लाने काढलेली नक्षी. भिंगाखाली खरी नक्षी पाठीवर आणि धारेवरही वळून जाते. नकली सपाट बाजूवरच थांबते.

मूठ बघताना तारेचे वेढे सैल आहेत का, कातड्याला भेगा आहेत का, ते पाहा. तार सुटलेली असली तरी मूळची असेल तर तिला हात लावू नका. पितळेवरचा सोनेरी मुलामा उंच भागांवर झिजतो आणि खोबणीत शिल्लक राहतो. सगळीकडे सारखाच सोनेरी असेल तर तो अलीकडचा. लोहचुंबक पितळी मुठीला चिकटला तर ती मूठ पितळी नाही, एवढं सोपं आहे. नौदलाच्या तलवारीची पांढरी मूठ हस्तिदंती की सेल्युलॉइडची हे भिंगाने बघा: हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. तापवलेली सुई टोचून बघायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. सेल्युलॉइड भडकन पेटतं.

म्यानावरचे पोचे सर्वांना दिसतात आणि सर्वांना नकोसे वाटतात, म्हणूनच नवख्याला इथे फायदा. एक-दोन उथळ पोच्यांनी लष्करी तलवारीचं काही बिघडत नाही, भाव मात्र पाडून मागता येतो.

नकली माल

साध्या शिपायाच्या तलवारींच्या नकला फारशा होत नाहीत. मेहनतीच्या मानाने सुटतं काय? नकली उद्योग चालतो तो महाग मालात, आणि सगळ्यांत जास्त नाझी काळातल्या मालात. एसएस (नाझी पक्षाचं निमलष्करी दल) आणि पोलिसांच्या सरळ तलवारी नवख्याने घेऊच नयेत. भागांची अदलाबदल, नवे ठसे, जुन्या म्यानात नवं पातं, असं सगळं तिथे चालतं आणि मुरलेले संग्राहकही फसतात. त्याच काळातल्या पायदळ अधिकाऱ्यांच्या, मुठीचा माथा कबुतराच्या डोक्याच्या आकाराचा असलेल्या साध्या सेबरी मात्र मुबलक आणि स्वस्त आहेत. आइकहॉर्नने सेनापतींच्या नावांची एक मालिकाच काढली होती: ब्ल्यूशर, शार्नहोर्स्ट, रून, त्झीटेन वगैरे. हा माल का जमवायचा याचं उत्तर ज्याचं त्याने द्यावं. मला त्यात रस नाही, आणि १९१८ च्या आधीच्या तलवारींत शिकायला जास्त मिळतं.

डेहराडूनमध्ये ऐतिहासिक तलवारींच्या प्रतिकृतींचा मोठा धंदा आहे आणि तो माल जगभर जातो. प्रतिकृती म्हणून विकली तर त्यात गैर काहीच नाही. घोळ होतो ती तिसऱ्या-चौथ्या हाताला गेल्यावर, कोणीतरी तिला महिनाभर ओल्या मातीत ठेवल्यावर. ओळखायच्या खुणा: पातं मुळापासून टोकापर्यंत एकाच जाडीचं (अस्सल पातं टोकाकडे पातळ होत जातं, म्हणून हातात हलकं वाटतं), ओतीव पितळेत बारीक बुडबुडे आणि गरुडाची पिसं बोथट, गंज सगळीकडे सारखा, खोबणीतही आणि उंचवट्यावरही. पात्यावर 'रोस्टफ्राय', म्हणजे न गंजणारं, असं लिहून वर विल्हेल्मची मुद्रा असेल तर हसा आणि पुढे चला. क्रुप कंपनीने स्टेनलेस पोलादाचं पेटंट १९१२ मध्ये घेतलं, तलवारींत ते आलं त्याच्या बऱ्याच नंतर.

डोळा तयार करायला अस्सल माल बघणं याला पर्याय नाही. सोलिंगेनच्या ग्रेफ्राथ भागात जुन्या मठात जर्मन क्लिंगेनम्युझियम आहे, तिथे एक अख्खा दिवस द्या. इंगोलश्टाटचं बव्हेरियन लष्करी संग्रहालय आणि ड्रेस्डेनचं लष्करी इतिहास संग्रहालयही बघण्यासारखं. शिवाय मोठ्या लिलावघरांचे, म्हणजे म्युनिकच्या हेर्मान हिस्टोरिकासारख्यांचे, जुने कॅटलॉग चाळत राहा. वर्णन कसं लिहितात, दोष कोणत्या शब्दांत झाकतात, हेही त्यांतून कळतं.

किती मोजायचे?

विक्रेता किती मागतो हा भाव नव्हे; गेल्या वर्ष-दोन वर्षांत तसलीच तलवार लिलावात किती मिळवून गेली, तो भाव. त्यावर लिलावघराचं कमिशन, बहुधा वीस ते तीस टक्के, वर पाठवणीचा खर्च. ढोबळ अंदाज द्यायचा तर १८८९ ची घोडदळी किंवा पायदळ अधिकाऱ्याची तलवार, ठीकठाक अवस्थेतली, युरोपात दोनशे ते चारशे युरोंच्या आसपास मिळावी. जुळते आकडे, गार्डचा ठसा, लहान राज्याचं चिन्ह किंवा रेजिमेंटचं कोरीव नाव असेल तर तिथून वर. पातं घासलेलं, म्यान दुसरीकडचं, मूठ उघडलेली असेल तर तिथून खाली. या प्रत्येक दोषापोटी किती कापायचे याचं कोष्टक नाही, पण तिन्ही एकाच तलवारीत असतील तर ती सोडा, कितीही स्वस्त असो.

पहिली खरेदी म्हणून माझी शिफारस एकच: १८८९ ची शिपायाची घोडदळी तलवार, जुळत्या आकड्यांची, करड्या-तांबूस रंगाची, कोणीही न घासलेली. ती विकायला काढली तर पैसेही बहुधा परत येतात. चकचकीत केलेली घेऊन बसलात तर तुमच्याचसारखा दुसरा नवखा शोधावा लागेल.

घरी आणल्यावर

पहिले काही दिवस काहीच करू नका. पितळेची मूठ बघून हात शिवशिवतील, पण चिंच आणि पितांबरी देवघरापुरती ठेवा. जुना सोनेरी मुलामा त्यांनी एका घासात जातो. पात्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवा, तासाभराने मऊ सुती कापडाने पुसा. ताजा लाल गंज असेल तर तेलात भिजवलेली सगळ्यांत बारीक, चार शून्यांची स्टील वूल, अगदी हलक्या हाताने, आणि कोरीवकामापासून लांब. नंतर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा थर द्यावा.

म्यान चामड्याचं असेल तर पातं त्यात कायमचं ठेवू नका. चामडं ओल धरतं, त्यातली आम्लं पोलाद खातात. मुंबई-कोकणच्या किंवा गोव्याच्या पावसाळ्यात तर पातं आणि म्यान वेगळं, सिलिका जेलसह बंद कपाटात. भिंतीवर टांगायची हौस असेल तर बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीवर नको.

कायद्याचं

भारतात तलवार आणायची तर शस्त्र अधिनियम, १९५९ आडवा येतो. परवान्याशिवाय शस्त्र आयात करता येत नाही, आणि कस्टम्सच्या लेखी शोभेची तलवारही तलवारच. महाराष्ट्रात तलवार बाळगल्याबद्दल कलम ४/२५ खाली गुन्हे दाखल होतात, हे रोजच्या पेपरात वाचतोच. 'अँटीक आहे साहेब' हे उत्तर पोलीस ठाण्यात कामाला येईल अशा भरवशावर राहू नका. आणायच्या आधी वकिलाशी आणि कस्टम्सशी लेखी विचारपूस करा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू एकदा भारतात आली की १९७२ च्या पुरावशेष कायद्यामुळे ती पुन्हा बाहेर नेणं अवघड होतं, हेही धरून चाला. हस्तिदंती मुठीची नौदल तलवार भारतात आणायचा विचार सोडूनच द्या. युरोपातही हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीचे नियम कडक झाले आहेत, घेण्याआधी कागदपत्रं मागा.

जर्मनीत अठरा वर्षांवरील माणसाला अशी तलवार घेता येते. नाझी चिन्ह असलेला माल उघड्यावर मांडणं किंवा त्याचे फोटो सोशल मीडियावर टाकणं मात्र फौजदारी गुन्हा ठरू शकतं. ब्रिटनमध्ये ५० सेंटीमीटर किंवा त्याहून लांब बाकदार पात्याच्या तलवारींच्या विक्रीवर आणि आयातीवर २००८ पासून बंदी आहे. १९५४ च्या आधी बनलेल्या किंवा पारंपरिक हस्तपद्धतीने घडवलेल्या तलवारींना सूट मिळते. म्हणून ब्ल्यूशर सेबर लंडनला मागवत असाल तर पाठीवरच्या मुकुटाचा आणि वर्षाचा स्वच्छ फोटो, विक्रेत्याचं सहीचं बिल आणि त्यावर अंदाजे काळ, हे पार्सलच्या आतही ठेवायला सांगा आणि बाहेर चिकटवायलाही.